दुसऱ्यानं दिलेला शब्द

टेक्सास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तेलविहिरी येतात, घोड्यावरचे काउबॉय येतात, आणि आता तर ह्यूस्टन-डॅलसला स्थायिक झालेला कुणाचा तरी मुलगा नाहीतर जावईही येतो. जर्मन माणसं काही येत नाहीत. पण मुलीकडे ऑस्टिनला गेलो असताना तिथून दीडेक तासाच्या अंतरावरच्या फ्रेडरिक्सबर्ग नावाच्या गावी आम्ही दोघं गेलो आणि चक्रावलोच. दुकानांवर जर्मन आडनावं, बेकरीत जर्मन पाव, चुनखडीच्या दगडांची बैठी, जाड भिंतींची घरं. गावाबाहेरच्या रस्त्यावर पीचच्या टोपल्या मांडून बसलेले शेतकरी. मुख्य रस्ता एवढा रुंद, की बैलगाडी जागच्या जागी वळवता यावी म्हणून तो तसा आखला असं सांगतात. बाजारचौकातून पूर्वेकडे जाताना लागणाऱ्या आडरस्त्यांच्या नावांची रोमन आद्याक्षरं ओळीनं वाचली तर 'ऑल वेलकम' असे शब्द तयार होतात आणि पश्चिमेकडे जाताना 'कम बॅक'. पत्नीला हा प्रकार इतका आवडला, की तिनं एकेक पाटी वाचून खात्री करून घेतली.

याच गावात १८८५ साली ॲडमिरल चेस्टर निमिट्झ जन्मला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी आरमाराचा सेनापती, आणि जपानच्या शरणागतीच्या कागदावर अमेरिकेतर्फे सही करणारा तो हाच. जुन्या वाचकांना त्याचं नाव वेगळ्याच कारणानं आठवेल. १९४९ साली काश्मीरमध्ये सार्वमत घ्यायचं ठरत होतं, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघानं त्याचा प्रमुख म्हणून याच निमिट्झची निवड केली होती. सार्वमत झालं नाही आणि निमिट्झ काही इकडे रुजू झाला नाही.

मला मात्र त्या गावात निमिट्झपेक्षा दुसऱ्याच एका माणसानं धरून ठेवलं. बाजारचौकात त्याचं शिल्प आहे. समोर कोमांची जमातीचा सरदार आणि इकडे दाढीवाला जर्मन. हा जॉन ओ. मॉयझेबाख, या गावाचा संस्थापक. टेक्सासच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. तो शूर होता, दूरदर्शी होता वगैरे सगळं तिथल्या पुस्तकांत वाचायला मिळतं. मी आयुष्याची तेहतीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे त्याच्या चरित्रातली जमाखर्चाची पानं मी जरा जास्तच सावकाश वाचली, आणि खरा माणूस मला तिथंच भेटला.

मॉयझेबाख जन्मला २६ मे १८१२ रोजी, जर्मनीतल्या नासाऊ संस्थानात, डिलेनबुर्ग इथं. त्याचं तेव्हाचं पूर्ण नाव ओटफ्रीड हान्स, फ्रायहेर फॉन मॉयझेबाख. फ्रायहेर म्हणजे आपण ज्याला बॅरन म्हणतो तो किताब. वडील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर आणि जुन्या जर्मन ग्रंथांचे वेडे संग्राहक. हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट आपल्या घराघरांत पोचवणारे ग्रिम बंधू हे वडिलांचे स्नेही. पुढे या घरातले हजारो ग्रंथ बर्लिनच्या राजग्रंथालयानं विकत घेतले. मुलगा खाणकाम आणि वनविद्या शिकला, मग बॉन आणि हाले इथल्या विद्यापीठांत कायदा आणि राज्यकारभाराचं शिक्षण घेऊन सरकारी नोकरीत शिरला. त्याला पाच भाषा यायच्या. आंकलाम नावाच्या गावाचा तो नगराध्यक्षही झाला. थोडक्यात, तिशी ओलांडलेला, अविवाहित, हुशार आणि बराचसा कंटाळलेला सरकारी अधिकारी. टेक्सासवरचं एक इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती आलं आणि त्या मोकळ्या मुलखानं त्याच्या मनात घर केलं.

इकडे १८४२ च्या एप्रिलमध्ये ऱ्हाइनकाठी बीब्रिख इथं २१ जर्मन सरदार-राजपुत्र एकत्र आले आणि त्यांनी एक संस्था काढली. तिचं लांबलचक नाव सोडून देऊ, लोक तिला 'आडेल्सफेराइन' म्हणजे सरदारांचा संघ म्हणत. जर्मनीत तेव्हा गरिबी होती, शेतीचे तुकडे पडत होते, कारागिरांच्या हाताला काम नव्हतं. माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला निघाली होती. मग ती आपल्या छत्राखाली का जाऊ नयेत? टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. तिथं जर्मन वसाहत झाली तर गरिबांचं भलं होईल, जर्मन मालाला बाजारपेठ मिळेल आणि सरदारांचं नाव होईल, असा हिशेब. यांतलं कुठलं कारण किती टक्के खरं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता आकडे पाहा. संघाचं भांडवल २ लाख गुल्डेन, म्हणजे सुमारे ८० हजार डॉलर. एकट्या माणसानं ३०० गुल्डेन भरायचे, कुटुंबानं ६००. त्या बदल्यात प्रवास, लाकडी घर, पीक हाती येईपर्यंत उधारीवर धान्य आणि एकट्याला १६० एकर, कुटुंबाला ३२० एकर जमीन. ही जमीन कुठली? फिशर आणि मिलर नावाच्या दोघांकडून संघानं १८४४ मध्ये ९ हजार डॉलरला एक करार विकत घेतला होता, लानो आणि कोलोरॅडो नद्यांच्या मधल्या ३८ लाख ७८ हजार एकरांचा. आपला अख्खा पुणे जिल्हा साधारण तेवढाच भरतो. भांडवल आणि क्षेत्रफळ यांचा भागाकार करून पाहिला, एकरी दोन सेंट पडतात. एवढ्या पैशात तिथं माणसं न्यायची, घरं बांधायची, त्यांना जेवायला घालायचं!

बरं, त्या ९ हजारांत जमीनही मिळाली नव्हती. मिळाला होता तो ठरावीक मुदतीत तिची मोजणी करून लोक वसवण्याचा हक्क. मुदत संपली की हक्कही गेला. संघातल्या कुणीही ती जमीन पाहिलेली नव्हती. आणि तिथं कोमांची राहत होते. घोड्यावर बसून लढण्यात या जमातीचा हात धरणारा त्या मैदानी मुलखात कुणी नव्हता, आणि आपली जमीन ऱ्हाइनकाठच्या कुणाला विकली गेली आहे याची त्यांना वार्ताही नव्हती.

एखाद्या शाखेत असा प्रस्ताव आला असता तर साध्या क्लार्कनंही त्यावर शेरा मारला असता. पण प्रस्ताव राजपुत्रांचा होता. लोकांनी पैसे भरले.

संघाचा पहिला प्रमुख आयुक्त म्हणून टेक्सासला गेला प्रिन्स कार्ल, झोल्म्स-ब्राउनफेल्सचा. रुबाबदार, गणवेशात वावरणारा, नोकरचाकरांचा लवाजमा घेऊन रानात उतरलेला. माणूस वाईट नव्हता. २१ मार्च १८४५ रोजी त्यानं न्यू ब्राउनफेल्स हे गाव वसवलं आणि त्याची जागा इतकी सुरेख निवडली, की ते गाव आजही भरभराटीत आहे. टेकडीवर त्यानं किल्ल्याचा पाया घातला आणि वाग्दत्त वधूवरून त्याला झोफियनबुर्ग असं नाव दिलं. पण हिशेब ठेवणं त्याला आपल्या पायरीला शोभणारं वाटत नसावं. उधारी करायची आणि पुढं जायचं. दोन महिन्यांत तो परतीच्या वाटेला लागला आणि गॅल्व्हेस्टन बंदरात धनकोंनी त्याला अडवलं. पैसे चुकते करा, मग जहाजात बसा.

याच सुमारास, मे १८४५ मध्ये, त्याच्या जागी नेमलेला मॉयझेबाख गॅल्व्हेस्टनला पोचला. जहाजातून उतरलेल्या या माणसानं किताब मागं ठेवला. फॉन गेलं, फ्रायहेर गेलं, आता तो नुसता जॉन ओ. मॉयझेबाख. त्याच्याजवळ संघानं दिलेलं १० हजार डॉलरचं पतपत्र होतं. ते नव्या वसाहतींसाठी होतं, पण प्रिन्सची सुटका करण्यासाठीच त्याला त्यात हात घालावा लागला. पुढं न्यू ब्राउनफेल्सला जाऊन पाहतो तर देणी त्याच्या जवळच्या रकमेहून कितीतरी जास्त आणि कागद जवळजवळ नाहीतच.

बँकेत आम्ही याला 'चार्ज घेणं' म्हणतो. मराठवाड्यातल्या एका शाखेत मी चार्ज घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी समोर येऊन उभा राहिला. मागच्या साहेबांनी विहिरीच्या कर्जाचा शब्द दिला होता म्हणाला. फाइलमध्ये कागद नव्हता, अर्ज नव्हता, काही नव्हतं. मागचे साहेब बदलून गेले होते. अशा वेळी नव्या माणसापुढे दोन वाटा असतात. कागदावर नाही म्हणून हात झटकायचे, किंवा शब्द खुर्चीनं दिला आहे आणि आता खुर्चीत मी आहे असं मानायचं. पहिली वाट नियमाला धरून असते आणि तिथं झोपही बरी लागते.

मॉयझेबाखनं दुसरी वाट धरली. कीर्द-खतावणी सुरू केली, देणेकऱ्यांच्या यादीवरची एकेक रक्कम पडताळली, आणि जर्मनीला पत्रांवर पत्रं पाठवून पैशांची मागणी केली. उत्तर आलं ते असं, की आणखी ४ हजार माणसं जहाजांत बसून निघाली आहेत आणि त्यांच्यासाठी २४ हजार डॉलरची सोय केली आहे. माणशी सहा डॉलर. त्याच्या स्वतःच्या अंदाजानं खर्च लाखाच्या वर जात होता.

१८४५ चा तो हिवाळा आणि पुढचं १८४६ साल यांविषयी लिहिताना मलाही जड जातं. माटागोर्डा उपसागराच्या वाळूवर माणसं उतरत होती. किनाऱ्यावर घरं नव्हती, प्यायला धड पाणी नव्हतं, वरून पाऊस. काहींनी वाळूत खड्डे खणून त्यांवर कापड ताणलं आणि खाली मुलाबाळांसह राहिली. गाड्या करून आत न्यायचं तर भाड्याचे करार झाले होते, पण १८४६ च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिको यांचं युद्ध पेटलं आणि सैन्यानं चढ्या दरानं गाड्या, बैल, गाडीवान सगळेच उचलले. उरलेली माणसं ताप आणि हगवणीनं मरू लागली. ज्यांना धीर धरवेना ती दीडशे मैलांची वाट पायी चालू लागली. वाटेत आईबाप गेले आणि न्यू ब्राउनफेल्सला मुलंच पोचली असं अनेक घरांत झालं. तिथं एका पाद्र्याला या पोरक्या मुलांसाठी आश्रम काढावा लागला. मेलेल्यांचा आकडा शेकड्यांत आहे, आणि तो नेमका कुणी लिहून ठेवला नाही यातच सगळं आलं.

मॉयझेबाख पैसे उभे करायला वणवण हिंडत होता. शेवटी त्यानं सरकारी अधिकाऱ्याला न शोभणारी गोष्ट केली. गॅल्व्हेस्टनच्या प्रतिनिधीमार्फत किनाऱ्यावरच्या मरणाची हकिगत जर्मन वृत्तपत्रांपर्यंत पोचवली. पत्रांनी जे झालं नव्हतं ते छापील अक्षरांनी झालं. सरदारांची लाज गेली आणि ६० हजार डॉलरचं पतपत्र निघालं. पैसे आले, पण हेड ऑफिस असल्या माणसाला विसरत नाही. त्याच्यावर नजर ठेवायला संघानं आणखी एक आयुक्त पाठवला.

या सगळ्या धुमाळीत त्यानं फ्रेडरिक्सबर्ग वसवलं. करारातली जमीन अजून फार लांब होती, तेव्हा वाटेवरचा मुक्काम म्हणून पेडर्नालेस नदीजवळची १० हजार एकर जमीन त्यानं उधारीवर घेतली. न्यू ब्राउनफेल्सहून १२० माणसांचा पहिला तांडा सोळा दिवसांच्या प्रवासानंतर ८ मे १८४६ रोजी तिथं पोचला. प्रशियाच्या प्रिन्स फ्रेडरिकचं नाव गावाला दिलं. प्रत्येक घराला गावात एक भूखंड आणि गावाबाहेर दहा एकर शेत. दोन ओढ्यांच्या मधली ही जागा. त्यांतल्या एका ओढ्याला लोकांनी नाव ठेवलं बॅरन्स क्रीक. किताब माणसानं टाकून दिला होता, तो ओढ्याला चिकटला आणि अजून आहे.

पहिल्याच वर्षी इथंही साथ आली आणि माणसं गेली. तरीही १८४७ मध्ये त्यांनी चौकात एक अष्टकोनी इमारत उभी केली. तिच्या आकारामुळे लोक तिला कॉफीची चक्की म्हणत. त्या एकाच इमारतीत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांची प्रार्थना, मुलांची शाळा, गावाची सभा, आणि वेळ आलीच तर आसरा. लांबच्या शेतांवर राहणारे शेतकरी पुढे शनिवारी बैलगाड्या जोडून गावात येत, बाजार करत, रविवारी देवळात जात आणि परतत. एका मुक्कामापुरती त्यांनी गावात एक खोली आणि वर माळा अशी चिमुकली घरं बांधली. 'संडे हाउस' म्हणून ती अजून दाखवतात.

पण मूळ करार तसाच होता. १८४७ च्या शरद ऋतूपूर्वी त्या जमिनीची मोजणी सुरू झाली नाही तर सगळा हक्क जाणार, म्हणजे ७ हजारांवर लोकांना दिलेला जमिनीचा शब्द खोटा पडणार. मोजणीदार पलीकडे पाऊल टाकायला तयार नव्हते, कोमांचींची धास्ती होती. आणि न्यू ब्राउनफेल्समध्ये लोकांचा संयम सुटला. ३१ डिसेंबर १८४६ रोजी संतापलेला जमाव मॉयझेबाखच्या दारावर चालून गेला. त्याला फाशी द्या अशी आरोळी उठली. प्रिन्सवर यांतलं काहीही आलं नव्हतं, तो केव्हाच घरी पोचला होता. मॉयझेबाखनं शांतपणे लोकांसमोर परिस्थिती मांडली. संघाकडून पैसे मंजूर झाल्याचं जमावाला कळलं आणि जमाव पांगला.

तीन आठवड्यांनी तो कोमांचींच्या मुलखात निघाला.

बरोबर चाळीसेक माणसं, थोड्या गाड्या, आणि दुभाष्या म्हणून पूर्वी कोमांचींच्या कैदेत राहिलेला एक मेक्सिकन. टेक्सासच्या गव्हर्नरनं घाईघाईनं रॉबर्ट नेबर्स या अधिकाऱ्याला मागावर पाठवलं. शक्य तर थांबव, आणि पुढं गेला असेल तर मदत कर. नेबर्सबरोबर फेर्डिनांड रोमर हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञही होता. पुढे त्यानं या प्रवासाचं जे वर्णन लिहिलं त्यामुळेच आपल्याला यांतलं बरंच कळतं. ते पोचेपर्यंत मॉयझेबाख आत गेला होता आणि केतुमसी नावाच्या सरदारानं त्याचं स्वागतही केलं होतं. शेकडो कोमांची स्वार रांग धरून उभे असताना मॉयझेबाख आणि त्याच्या साथीदारांनी बंदुका हवेत झाडून रिकाम्या केल्या. तेव्हाच्या बंदुका पुन्हा भरायला वेळ लागे. त्या क्षणी कोमांचींनी मनात आणलं असतं तर यांतलं कुणी परतलं नसतं. समोरच्यांना ही भाषा कळली. त्याच्या तांबूस दाढीवरून त्यांनी त्याला नाव दिलं लाल सूर्य.

मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत सान साबा नदीकाठी मोठी बैठक झाली. कोमांचींतर्फे तीन बडे सरदार होते. म्हातारा मुत्सद्दी ओल्ड आऊल, धिप्पाड सांता आना, आणि लढवय्या बफलो हंप. जमिनीवर गोलाकार बसून, चिलीम फिरवून बोलणी झाली. अट एकतर्फी नव्हती हे मला विशेष वाटतं. जर्मनांनी कोमांचींच्या मुलखात निर्धास्त फिरावं, आणि कोमांचींनीही गावात केव्हाही यावं, त्यांना कुणी हटकणार नाही. दुसऱ्या जमातीचे लोक आगळीक करायला आले तर एकमेकांना कळवावं. मोजणीदारांना जमीन मोजू द्यावी. बदल्यात ३ हजार डॉलरच्या भेटी. मोजणीदाराचं होकायंत्र म्हणजे जमीन चोरणारी वस्तू असं कोमांची मानत. त्यांचं ते म्हणणं किती बरोबर होतं ते पुढे दिसलंच. ९ मे १८४७ रोजी, गाव वसल्याच्या वाढदिवसानंतर दुसऱ्याच दिवशी, सरदार फ्रेडरिक्सबर्गला आले आणि तहावर सह्या झाल्या.

ही बोलणी चालू असताना आसपासच्या टेकड्यांवर रात्री कोमांचींच्या शेकोट्या दिसत. गावातली मुलं घाबरली तेव्हा एका आईनं सांगितलं म्हणे, की ईस्टरचा ससा तिथं कढया चढवून अंडी रंगवतो आहे. ही दंतकथा. पण तिच्यावरून त्या गावात कित्येक पिढ्या ईस्टरच्या आदल्या रात्री टेकड्यांवर जाळ पेटवत आल्या.

हा तह मोडला गेला नाही असं टेक्सासात अभिमानानं सांगतात. कोमांचींनी फ्रेडरिक्सबर्ग जाळलं नाही. ते गावात येत, मध, कातडी, अस्वलाची चरबी विकत. अशी शेजारधर्माची वर्षं त्या काळी सरहद्दीवर दुर्मीळच. मलाही हे वाचून मॉयझेबाखचा आदर वाटला. पण मग मी त्या कागदावरच्या दुसऱ्या बाजूच्या माणसांचा माग काढला. सांता आना दोनच वर्षांत, १८४९ च्या पटकीत गेला. गोऱ्यांच्या वाटेनं आलेल्या त्या साथीनं त्याच्या लोकांत हाहाकार केला. केतुमसी, ज्यानं सर्वांत आधी पाहुण्यांचं स्वागत केलं, तो उरलेल्यांना घेऊन १८५५ च्या सुमारास ब्राझोस नदीच्या एका फाट्यावरच्या राखीव वसाहतीत राहू लागला, सरकारनं सांगितलं म्हणून शेती करू लागला. शेजारच्या गोऱ्या वस्त्यांना तेही खपेना. १८५९ मध्ये त्या सगळ्यांना टेक्सासबाहेर हाकललं गेलं. त्यांच्या बाजूनं भांडणारा आणि त्यांना सुखरूप सीमेपार नेऊन पोचवणारा अधिकारी कोण होता? सान साबाच्या बैठकीला हजर असलेला तोच रॉबर्ट नेबर्स. त्यांना सोडून परतताना फोर्ट बेलनॅप इथं एका गोऱ्यानं त्याला गोळी घातली. १८७५ मध्ये मैदानातले शेवटचे मुक्त कोमांचीही शरण आले.

तह जर्मनांनी मोडला नाही हे खरं. त्याची गरजही पडली नाही. होकायंत्रं आत गेली, नकाशे झाले, पुढचं काम इतरांनी केलं. मॉयझेबाखला हे दिसत होतं का? तो डोळे मिटून बसणारा माणूस नव्हता. पण ज्या ७ हजार लोकांचा शब्द त्याच्या गळ्यात होता त्यांच्यासाठी त्यानं तो सौदा केला, आणि समोरच्यांना दिलेला शब्द पाळणं पुढे एकट्याच्या हातात उरलं नाही. ही नोंद त्याच्या चरित्रात मी नावे बाजूलाच लिहीन. संघानं आरंभी गुलाम राबवणारी एक मोठी शेतीही घेतली होती, तीही त्याच बाजूला.

२० जुलै १८४७ रोजी त्यानं पद सोडलं. लानोकाठी काही वस्त्या बसल्या. त्यांतली एक तर विद्यापीठातल्या चाळीस तरुणांनी सगळी मालमत्ता सामाईक ठेवायची म्हणून काढली होती, तिला ग्रिम बंधूंच्या वर्तुळातल्या लेखिकेवरून बेटिना असं नाव दिलं होतं. काम कुणी करायचं यावरून ती वर्षभरात मोडली. संघही दिवाळखोरीत बुडाला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. संघ बुडाला, चार्ज दिला, माणूस सुटला. प्रिन्स जर्मनीला गेला तसा हाही जाऊ शकला असता. तो राहिला. १८५१ मध्ये टेक्सासच्या सेनेटवर निवडून गेला. १८५२ मध्ये, चाळिशीत, एका ऑस्ट्रियन काउंटच्या सतरा वर्षांच्या मुलीशी, ॲग्नेस कोरेथशी त्यानं लग्न केलं. त्यांना अकरा मुलं झाली, सात जगली. आणि १८५४ मध्ये गव्हर्नर पीझनं त्याला एका कामासाठी आयुक्त नेमलं. आडेल्सफेराइननं ज्यांना जमिनीचं वचन दिलं होतं त्यांचे दावे तपासून त्यांना सरकारी दाखले द्यायचे. बुडीत खात्याची वसुली लोकांकडून करताना मी पुष्कळ अधिकारी पाहिले आहेत. बुडालेल्या संस्थेचं देणं लोकांच्या पदरात टाकायला, सात वर्षांनी, त्याच लोकांच्या दारी गेलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही. दाखला घेणाऱ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री त्याच्या दारावर आलेले काही जण नक्कीच असतील. त्यांनी काय केलं असेल? कादंबरीकार म्हणून मला तो प्रसंग लिहायला आवडेल, इथं मात्र तो रचण्याचा मोह आवरतो.

यादवी युद्धाच्या वेळी फ्रेडरिक्सबर्गच्या जिल्ह्यानं प्रचंड बहुमतानं अमेरिकेतून फुटण्याच्या विरुद्ध कौल दिला आणि त्याची किंमतही मोजली. १८६२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोकडे निघालेल्या जर्मन तरुणांना न्यूएसेस नदीकाठी दक्षिणेच्या सैन्यानं गाठून मारलं. त्यांतल्या जखमींनाही सोडलं नाही.

१८६९ मध्ये एका वादळात मॉयझेबाखचं घर उडालं, पायाला इजा झाली. मग तो लॉयल व्हॅली नावाच्या लहानशा वस्तीत राहायला गेला. तिथं त्यानं दुकान काढलं, न्यायाधीशाचं आणि नोटरीचं काम केलं, फळबाग लावली, गुलाबांच्या अनेक जाती जोपासल्या, घराजवळ रोमन पद्धतीचं दगडी स्नानकुंड बांधलं. याच परिसरातून १८७० मध्ये अपाची लोकांनी हेर्मान लेमान हा जर्मन मुलगा पळवला. पुढे तो कोमांचींत राहिला, त्यांचाच झाला, आणि १८७८ मध्ये घरी आणला गेला तेव्हा जर्मन विसरलेला होता. पलंगावर झोपायचं तो नाकारी. लॉयल व्हॅली केवढी, चार घरांची. या मुलाला मॉयझेबाखनं पाहिलं नसेल असं वाटत नाही.

फिशर-मिलर कराराची भांडणं कोर्टात चालूच होती. १८९४ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, एका दाव्यात विचारलेल्या प्रश्नांना त्यानं सविस्तर लेखी उत्तरं दिली. जमीन कुणी मोजली, पैसे कुणी दिले, केव्हा दिले, सगळं तारीखवार. ती उत्तरं पुस्तिका म्हणून छापली गेली. तहाची मूळ प्रत युरोपात गेली होती. त्याच्या नातीनं, आयरीन मार्शल किंग यांनी, ती १९७० साली टेक्सासला परत आणली, आणि ती राज्याच्या ग्रंथालयात ठेवली गेली.

१८९६ मध्ये फ्रेडरिक्सबर्गनं सुवर्णमहोत्सव साजरा केला आणि त्यानंतर लवकरच चौकातली ती अष्टकोनी चक्की पाडून टाकली. आज दिसते ती १९३० च्या दशकात बांधलेली प्रतिकृती. मॉयझेबाख गेला २७ मे १८९७ रोजी, पंचाऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. चेरी स्प्रिंगजवळच्या लहानशा कौटुंबिक दफनभूमीत त्याला पुरलं. दगडावर त्याच्या घराण्याचं लॅटिन ब्रीद कोरलं आहे. धरलेलं न सोडणारा, असा त्याचा अर्थ. फॉन आणि फ्रायहेर तिथंही नाहीत.